स्प्रिंगर एअर रायफलवर स्वस्तातला रेड डॉट : कुठला घ्यावा?

शीवकर

मंडळी नमस्कार, जरा मदत हवीय. माझ्याकडे .177 ची (छऱ्याचं माप, इंचात) देशी ब्रेक बॅरल स्प्रिंगर आहे, म्हणजे नळी मोडून आतली स्प्रिंग दाबायची एअर रायफल, बिनलायसनची. वसईला मित्राच्या वाडीत भिंतीला मातीच्या गोण्या रचून ठेवल्यात, त्यासमोर कागदी टार्गेट नाहीतर रिकामे डबे लावतो आणि मारतो. अंतर बहुतेक वेळा 10 मीटर, कधीतरी 25. पक्षीप्राण्यांवर कधीच नाही, ते आधीच सांगून ठेवतो.

अडचण डोळ्यांची आहे. पन्नाशी उलटली, आता मागची साइट (नेम धरायची खूण), पुढची साइट आणि टार्गेट या तिन्हीपैकी एकच काहीतरी स्पष्ट दिसतं. वाचायचा चष्मा लावला की पुढची साइट दिसते पण टार्गेट म्हणजे नुसता करडा डाग. काढला की उलटं. नेमबाजीच्या रेंजवर एकाने सांगितलं रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) लाव, प्रश्न मिटेल. बजेट पाच-सहा हजार, फार तर सात. ऑनलाइन बघायला गेलो तर दोन हजारात पण आहेत, "4 रेटिकल, रेड-ग्रीन, शॉकप्रूफ, वॉटरप्रूफ, पॅरलॅक्स फ्री" सगळं लिहिलेलं, आणि दिसायला सेम टू सेम वीस हजाराचे पण आहेत. यात फरक नेमका काय आणि मला कुठला पुरेल? रेंज, पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी), स्प्रिंगर वापरणाऱ्यांनी अनुभवाचं लिहा प्लीज.

अंधेरी_वेस्ट

काका दोन हजारवाला बिनधास्त घ्या. माझ्याकडे तसाच ओपन टाइप (नळी नाही, नुसती उघडी काच) आहे, चार रेटिकलवाला (नेमाच्या चार आकृत्या), बरेच महिने पीसीपीवर लावलाय, झीरो (जुळवून ठेवलेला नेम) हललेला नाही. वीस हजार नुसते नावाचे असतात.

वरळी_रेंजवाला

अंधेरी, तुझा चालतोय कारण तो पीसीपीवर आहे. पीसीपीला झटका जवळजवळ नसतोच, तिच्यावर काहीही लावलं तरी टिकतं. काकांची स्प्रिंगर आहे आणि स्प्रिंगर हा साइटचा सगळ्यात वाईट दुश्मन आहे हे आधी समजून घ्या, बाकी सगळं त्यानंतर.

होतं काय की ट्रिगर दाबला की आतला जड पिस्टन स्प्रिंगच्या जोराने पुढे जातो, त्यामुळे बंदूक मागे येते, हा पहिला झटका. पिस्टन सिलिंडरच्या टोकाला पोचतो तेव्हा पुढे दाबली गेलेली हवा त्याला एकदम अडवते आणि बंदूक झटकन पुढे फेकली जाते, हा दुसरा झटका. म्हणजे आधी मागे मग पुढे, दोन्ही क्षणार्धात. बारा बोअरचा किंवा मोठ्या रायफलचा धक्का कितीही मोठा असला तरी मुख्यतः एकाच दिशेला असतो, साइट बनवणारे तेवढाच धरून डिझाइन करतात. त्यामुळे मोठ्या रायफलवर नीट चालणारी साइट सुद्धा स्प्रिंगरवर ढिली होऊ शकते. आतला एलईडी ज्या छोट्या पट्टीवर बसवलेला असतो ती हलते, ॲडजस्टमेंटची स्प्रिंग दम सोडते, बॅटरीचा काँटॅक्ट उडतो आणि प्रत्येक शॉटला डॉट लुकलुकतो, आणि माउंट (साइट पकडणारा क्लॅम्प) रेलवरून (बंदुकीच्या पाठीवरची खाचांची पट्टी) हळूहळू सरकत जातो ते वेगळंच.

म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा की स्प्रिंगरसाठी रेटेड आहे का, आणि नसेल चालला तर बदलून देणार का. "शॉकप्रूफ" या शब्दावर जाऊ नका, तो सगळ्यांच्याच डब्यावर असतो.

शीवकर

हे कुणी सांगितलंच नव्हतं, मला वाटायचं एअरगनला कसला आलाय रिकॉइल. मग पाच-सहा हजारात स्प्रिंगरला टिकणारं काही आहे का मुळात?

वरळी_रेंजवाला

आहे, पण काय बघायचं ते कळायला हवं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेड डॉटमध्ये लेसर नसतो. मागच्या बाजूला खाली एक बारीक एलईडी असतो, त्याचा प्रकाश पुढच्या वक्र काचेवर पडतो, त्या काचेवर असं कोटिंग असतं की लाल रंग परत फिरवायचा आणि बाकीचा उजेड आरपार सोडायचा. एलईडी बरोबर त्या काचेच्या फोकसवर असल्यामुळे परत येणारे किरण समांतर होतात आणि डॉट तुमच्या डोळ्याला खूप लांब, टार्गेटच्याच पातळीत दिसतो. तुम्ही फक्त टार्गेटकडे बघायचं, डॉट आपोआप स्पष्ट. म्हणून तुमची तीन ठिकाणी फोकस करायची कटकट संपते, चाळिशीवाल्यांना याचा खरा फायदा तिथेच आहे. आयडिया जुनी आहे, आयर्लंडच्या हॉवर्ड ग्रब यांनी 1900 मध्ये अशी रिफ्लेक्टर साइट काढली, तेव्हा एलईडी कुठला असायला. बॅटरीवाला रेड डॉट बाजारात आणला तो एमपॉइंट या स्वीडनच्या कंपनीने, 1975 मध्ये.

आता स्वस्तात कुठे काटछाट होते ते बघा. पहिली त्या कोटिंगमध्ये. साइट पुढून बघितली की चांगल्या काचेवर लालसर झाक दिसते आणि मागून बघताना जग किंचित निळसर, पण उजळ दिसतं. हलक्या मालात सरळ गडद काच असते, संध्याकाळी काळोख झाल्यासारखं वाटतं. दुसरी एलईडीमध्ये, डॉटच्या कडा फुटलेल्या, बाजूला एक भूत डॉट वगैरे. तिसरी, आणि हीच सगळ्यात महागात पडते, ॲडजस्टमेंटच्या स्क्रूमध्ये आणि बॉडीमध्ये. प्लास्टिकची किंवा पातळ ओतीव बॉडी असेल तर स्प्रिंगरवर लावूच नका.

आणि चार रेटिकलवाला, रेड-ग्रीनवाला तर नकोच. तुम्हाला एकच डॉट लागणार आहे. स्वस्त मालात लाल आणि हिरव्याचे एलईडी वेगळे असतात, दोन्ही अगदी एकाच जागी बसत नाहीत, मग रंग बदलला की मार बसायची जागा पण बदलते. तेवढ्या पैशात एकच रंग, एकच डॉट, पण धातूची घट्ट बॉडी मिळते, ती घ्या.

दादर_चष्मेवाली

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, बंदुकीतलं मला काही कळत नाही, माझे वडील नेमबाजी करायचे म्हणून हा धागा वाचतेय. शीवकर काका, तुमच्या चष्म्याच्या कागदावर सिलिंड्रिकल नंबर आहे का? सीवायएल असं लिहिलेलं असतं आणि शेजारी ॲक्सिस. खरेदीच्या आधी ते तपासा.

कारण असं की सिलिंड्रिकल नंबर असेल आणि चष्मा नसेल तर बारीक तेजस्वी ठिपका गोल दिसत नाही. स्वल्पविरामासारखा, ताऱ्यासारखा, किंवा द्राक्षाच्या घडासारखा फुटलेला दिसतो. लोक साइटला दोष देतात, परत करतात, दुसरी घेतात, ती पण तशीच. दुकानातच एक टेस्ट करा : डॉटकडे बघत मान एका बाजूला कलती करा, साइट हलवायची नाही. डॉटची शेपटी मानेबरोबर फिरली तर दोष डोळ्यात आहे, जागेवर राहिली तर साइटमध्ये. किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून डॉट बघा, ब्राइटनेस कमी ठेवून. फोनमध्ये गोल आणि तुम्हाला फुटलेला, म्हणजे आधी माझ्यासारखीकडे या.

अजून एक, तुम्हाला वाचायचा चष्मा यात नकोच. डॉट लांब दिसतो म्हणून लांबचा नंबर लागेल, आणि त्यात सिलिंडर पूर्ण घातलेला पाहिजे. प्रोग्रेसिव्ह असेल तरी चालतं बहुधा, कारण बंदुकीवर गाल टेकवला की मान पुढे झुकते आणि आपण काचेच्या वरच्या भागातून बघतो, तिथे लांबचाच नंबर असतो.

शीवकर

ताई कागद काढून बघितला, उजव्या डोळ्याला सिलिंडर -1.25 आहे. लांबचा चष्मा आहे घरात पण मी घालतच नाही, त्याशिवाय चालून जातं म्हणून.

दादर_चष्मेवाली

-1.25 मध्ये डॉट नक्की फुटेल. तो चष्मा घालूनच दुकानात जा. फ्रेम जुनी असेल तर नंबर परत तपासून घ्या, ॲक्सिस थोडा जरी चुकला तरी फरक पडतो. मग साइट निवडा.

वरळी_रेंजवाला

ताई, फार मोलाचं लिहिलंत. अर्ध्याहून जास्त "खराब साइट"च्या तक्रारी मी बघितल्यात त्या याच असतात. जोडीला एवढंच की नवीन माणूस ब्राइटनेस फुल्ल करून ठेवतो आणि मग डॉट फुलून पसरट दिसतो. डॉट टार्गेटवर जेमतेम दिसेल इतकाच ठेवायचा. उन्हात वाढवा, सावलीत कमी करा.

बंड्या_डोंबिवली

पॅरलॅक्स फ्री असतात का खरंच हे? कारण मी मित्राच्या रायफलवर बघितलं तर डोकं हलवलं की डॉट पण हलत होता टार्गेटवर.

वरळी_रेंजवाला

बंड्या, चांगलं पकडलंस. पॅरलॅक्स फ्री हा पूर्ण खोटा दावा नाही पण 10 मीटरवाल्यांना तो उपयोगाचा नाही. बहुतेक रेड डॉट 40-50 यार्डाच्या आसपास किंवा त्याहून लांब सेट केलेले असतात. त्या अंतरावर डोळा काचेत कुठेही असला तरी फरक पडत नाही. त्याच्या अलीकडे पडतो.

हिशोब सोपा आहे. समजा साइट 45 मीटरला सेट आहे आणि तुमचा डोळा काचेच्या मधोमध नसून 8 मिमी बाजूला आहे. 10 मीटरवर मार साधारण 6 मिमी सरकणार. आता टार्गेटशी जुळवून बघा. 10 मीटर एअर पिस्तूलच्या कागदावर एकेक रिंग 8 मिमी रुंद असते, म्हणजे जवळजवळ एक रिंग गेली. एअर रायफलच्या कागदावर रिंग अडीच मिमीची, दहाचा ठिपका तर अर्धा मिमी, तिथे सरळ दोन रिंग गेल्या. डब्याला काही फरक पडत नाही, डबा उडणारच.

यावर उपाय पैशाचा नाही, सवयीचा आहे. गाल दर वेळी एकाच जागी टेकवा आणि डॉट काचेच्या मध्यावर ठेवूनच शॉट सोडा. ट्यूब टाइपमध्ये गोल कडा दिसते म्हणून मध्य साधणं सोपं जातं, ओपन टाइपमध्ये डॉट कोपऱ्यात असला तरी लक्षात येत नाही. काकांना मी ट्यूबच सुचवेन, त्याचं एक कारण हेच.

गिरगाव_पीप

एक वेगळा विचार मांडतो. काका कागदावर मारतात म्हणताय तर पीप साइट का नको? बारीक भोकातून बघितलं की खोलवर सगळंच स्पष्ट दिसतं, पुढची साइट पण आणि टार्गेट पण, चाळिशीला त्यानेही खूप मदत होते. बॅटरी नाही, काच नाही, बिघडायला काही नाही. स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ पीप साइटवरच मारलं, त्या खेळात डॉट चालतच नाही. आणि काका उद्या एखादी मॅच खेळावीशी वाटली तर? आयएसएसएफच्या (जागतिक नेमबाजी संघटना) नियमात 10 मीटर रायफल असो की पिस्तूल, रेड डॉट लावून उभंच राहू देत नाहीत. आयपीएससीमध्ये (पळत-फिरत मारायच्या स्पर्धा) ओपन आणि प्रॉडक्शन ऑप्टिक्स या गटांना चालतो पण तो वेगळाच खेळ आहे, तिथे एअर रायफल नाही.

वरळी_रेंजवाला

गिरगाव, मुद्दा शंभर टक्के बरोबर. निव्वळ कागदावर स्कोअर काढायचा असेल तर मी पण पीपच सांगेन. फक्त दोन गोष्टी : एक, सावलीत आणि संध्याकाळी बारीक भोकातून फार अंधारलेलं दिसतं. दोन, काकांना डबे पण मारायचेत, ते दोन्ही डोळे उघडे ठेवून डॉटने जे मजेत होतं ते पीपने होत नाही.

शीवकर

मॅच वगैरे खेळायची नाही आता. डबे आणि नातवाला दाखवायला कागद. डॉटच घेईन म्हणतो, पण चष्मा घालून. मग एमओए वगैरे काय बघायचं? 2, 3, 5 असं लिहिलेलं दिसतं.

अंधेरी_वेस्ट

काका एमओए म्हणजे डॉटची साइज. जितका कमी तितकं बारीक. 2 एमओए बेस्ट.

वरळी_रेंजवाला

साइज बरोबर, पण "2 बेस्ट" असं सरसकट नाही. एमओए हे कोनाचं माप आहे, 1 एमओए 100 मीटरवर साधारण 2.9 सेंमी, म्हणजे 10 मीटरवर 2.9 मिमी. 3 एमओएचा डॉट 10 मीटरवर नऊ मिमीच्या आत झाकतो, 25 मीटरवर बावीस मिमी. डब्याला भरपूर झालं. 2 एमओए उन्हात शोधायला डोळ्याला जरा कष्ट पडतात, शिवाय सिलिंडरवाल्या डोळ्याला तो पण फुटतोच. तुमच्या कामाला 3 योग्य. 5-6 वाले पिस्तुलासाठी असतात, झटपट सापडावा म्हणून.

हाच हिशोब क्लिकला, म्हणजे ॲडजस्टमेंटच्या स्क्रूच्या एकेका टप्प्याला. बऱ्याचशा साइट 1 एमओएची क्लिक देतात, म्हणजे 10 मीटरवर एका क्लिकला मार 2.9 मिमी सरकतो. झीरो करताना तीन शॉट मारा, त्यांचा मध्य काढा, समजा तो 30 मिमी खाली आहे, मग वरच्या दिशेला 10 क्लिक. एकेका शॉटमागे स्क्रू फिरवत बसू नका, स्प्रिंगर मुळातच प्रत्येक शॉटला थोडी इकडे तिकडे मारते, तुम्ही तिच्या मागे धावत राहाल.

आणि उंची लक्षात ठेवा. डॉट नळीपासून 40 मिमी वर असेल आणि झीरो 10 मीटरचा केला असेल तर 3 मीटरवरचा डबा मारताना शॉट साधारण 28 मिमी खाली लागेल. लोक म्हणतात झीरो गेला, तो गेलेला नसतो. म्हणून माउंट जितका बुटका मिळेल तितका घ्या.

कोकण_ते_काळाचौकी

माझ्या मामांकडे गावी बारा बोअर आहे, डबल बॅरल, शेतीसंरक्षणाच्या लायसनवर. त्यांना पण डोळ्याचा हाच प्रॉब्लेम. त्यावर हे बसेल का? रेल नाहीये.

वरळी_रेंजवाला

दादा, डबल बॅरलच्या मधल्या रिबला चिमट्यासारखा पकडणारा माउंट येतो, रिबची रुंदी मोजून घ्यावा लागतो. पण मला विचाराल तर गरज नाही. बारा बोअर छऱ्याने मारतात, तिथे टोकावरचा मणी आणि बंदूक खांद्याला नीट बसणं एवढंच महत्त्वाचं, मणी मोठा आणि पांढरा करून घेतला तरी मामांना फरक कळेल. आणि काहीही झालं तरी ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे नेऊन ड्रिल मारून घेऊ नका. लायसनचं हत्यार आहे, असलं काम लायसन असलेल्या गनस्मिथनेच करायचं, शिवाय त्या रिबचं सोल्डरिंग सुटलं तर बंदूक कायमची गेली.

कोकण_ते_काळाचौकी

मणी बदलायचं डोक्यातच आलं नव्हतं. मामांना सांगतो. धन्यवाद.

बंड्या_डोंबिवली

वरळी सर, आता नावं सांगा ना, सगळे तेच विचारायला आलेत.

वरळी_रेंजवाला

नावं सांगतो पण भाव सांगत नाही, इथे तो दर महिन्याला आणि दर दुकानाला वेगळा असतो.

बुशनेलचा टीआरएस-25 हा जुना, साधा, 3 एमओए, 11 ब्राइटनेस, गोल फिरवायच्या बटणाचा. बरीच वर्षं लोक वापरतात, यात भपका काहीच नाही आणि म्हणूनच बरा आहे. हॉकच्या व्हँटेजमध्ये पण 3 एमओएचे ट्यूबवाले आहेत, हॉक ही एअरगनवाल्यांना धरून चालणारी कंपनी आहे. थोडं वर गेलात की व्होर्टेक्सचा क्रॉसफायर, सिगचा रोमिओ-5, होलोसनचा 403, हे सगळे 2 एमओएचे. रोमिओ-5 हलवला की आपोआप चालू होतो, ठेवून दिला की बंद. हे तिघं काकांच्या बजेटच्या बाहेर जातील बहुतेक, आणि मुळात फायरआर्मसाठी बनलेत, त्यामुळे महाग आहे म्हणून स्प्रिंगरवर टिकेलच असं समजू नका, त्या मॉडेलच्या कागदावर एअरगनबद्दल काय लिहिलंय ते वाचा. काकांनी पहिल्या दोघांपैकी जो इथल्या बिलावर, इथल्या वॉरंटीवर मिळेल तो घ्यावा. परदेशातून मागवायच्या भानगडीत पडू नका, स्प्रिंगरवर काही झालं तर परत कुठे पाठवणार.

सावध राहा ते कॉपीपासून. एमपॉइंटच्या टी-1 चा आकार इतका कॉपी झालाय की दोन हजारातली डबी पण तशीच दिसते. ती मूळ एअरसॉफ्टच्या खेळण्यांसाठी बनलेली असते, तिला झटका माहीतच नसतो. नाव, मॉडेल नंबर, सीरियल, वॉरंटी कार्ड नसेल तर तो माल कशाचा ते ओळखा.

बॅटरी बहुतेकांत सीआर2032, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते. काहींच्या डब्यावर 50,000 तास लिहिलेलं असतं, म्हणजे पाच वर्षांच्या वर, पण ते मधल्या किंवा कमी ब्राइटनेसला. उन्हात फुल्ल ठेवाल तर तो आकडा विसरा. नवी सेल घेतली की मल्टिमीटरवर बघा, 3 व्होल्टच्या वर दिसायला हवी.

अंधेरी_वेस्ट

सर, तेवढ्याच पैशात एओ स्कोप (अंतराप्रमाणे जुळवता येणारी दुर्बीण) येतो ना, 3-9 वाला, एअरगन रेटेड? पॅरलॅक्स 10 मीटरला सेट करता येतो. 25 मीटरला तर स्कोपच भारी.

वरळी_रेंजवाला

येतो, आणि 25 मीटरवर कागद मारायचा तर तोच भारी, मी वाद घालणार नाही. आयपीसवर स्वतःच्या डोळ्याप्रमाणे फोकस पण करता येतो. पण स्कोप जड, स्प्रिंगरवर जड वस्तू जास्त सरकते, आणि डोळा ठराविक अंतरावरच धरावा लागतो. नातवाला दाखवायचं असेल तर डॉटमध्ये मूल पाच मिनिटात शिकतं. ज्याची त्याची गरज.

शीवकर

डॉटच. रेलचं काय, 11 आणि 20 मिमी असं काहीतरी असतं ना?

वरळी_रेंजवाला

हो, आणि इथेच बरेच जण घरी येऊन अडकतात. स्प्रिंगरला बहुधा 11 मिमीची डवटेल असते, बंदुकीच्या पाठीवर कोरलेल्या दोन लांब खाचा. रेड डॉटबरोबर येणारा माउंट मात्र बहुतेक 20 मिमीचा, पिकाटिनी किंवा वीव्हर रेलसाठी, आडव्या खाचा असतात ती. आधी व्हर्नियरने मोजा, मगच ऑर्डर. 11 वरून 20 करणारा ॲडॅप्टर मिळतो पण उंची वाढते आणि ढिलं व्हायला अजून एक सांधा तयार होतो. थेट 11 मिमीचा माउंट मिळाला तर तोच घ्या.

मग रेलवर मागच्या बाजूला एक-दोन गोल भोकं आहेत का बघा. त्यात स्टॉप पिन बसते. पिन नसेल तर माउंटच्या मागे आडवा बसणारा स्टॉपर वेगळा मिळतो. दुसरा झटका बंदुकीला पुढे फेकतो, साइट जागीच राहू बघते, म्हणजे रेलवर ती मागे मागे सरकते. पिन तिला अडवते. पिनशिवाय स्प्रिंगरवर काही लावू नका.

बसवताना रेल आणि माउंट दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेल काढा. स्क्रूला निळं थ्रेडलॉकर अगदी थेंबभर, लाल नको, ते परत सुटत नाही. ॲलन की, टॉर्क्सचे बिट, टॉर्क स्क्रूड्रायव्हर सगळं नागदेवी स्ट्रीटला मिळेल, क्रॉफर्ड मार्केटपासून चालत. कंपनीने जो टॉर्क लिहिलाय तेवढाच द्या, ॲल्युमिनियमचे आटे जोर केला की जातात.

बंड्या_डोंबिवली

आणि घेतल्यावर तो चांगला निघालाय हे कसं कळणार? म्हणजे परत करायची मुदत संपायच्या आत.

वरळी_रेंजवाला

बॉक्स टेस्ट करा. बंदूक सॅंडबॅगवर ठेवून 10 मीटरवर एका ठिपक्यावर तीन शॉट. मग डॉट 20 क्लिक वर, निशाणा त्याच ठिपक्यावर, तीन शॉट. 20 उजवीकडे, तीन. 20 खाली, तीन. 20 डावीकडे, तीन. कागदावर साधारण 58 मिमीचा चौकोन व्हायला हवा आणि शेवटचे तीन पहिल्या तीनवर येऊन बसायला हवेत. चौकोन वाकडा झाला किंवा शेवटचे भलतीकडे गेले तर साइट परत. ही क्लिक 1 एमओएची धरून झालं, वेगळी असेल तर आकडा बदलेल पण चौकोन चौकोनच राहायला हवा.

दुसरं, झीरो करून एक डबी पेलेट (एअरगनचे छरे) सलग मारा, सगळे स्क्रू परत चेक करा, आणि माउंटच्या मागे रेलवर पेन्सिलने केलेली रेघ जागेवर आहे का बघा. एवढ्यात लुकलुकला नाही, सरकला नाही, तर पुढेही बहुधा टिकेल. आणि मूळच्या साइट काढून टाकू नका, बॅटरी गेली तर त्याच आहेत.

दादर_चष्मेवाली

एक विचारू का, नातू पण मारणार आहे ना? मग दोघांनाही सेफ्टी ग्लास हवेत. पेलेट कडक वस्तूवरून उलटून येतो, डोळ्याला लागला तर फार वाईट इजा होते. काकांच्या लांबच्या चष्म्याची काच पॉलिकार्बोनेटची करून घ्या, आणि मुलासाठी बाजू झाकणारे गॉगल. डब्यांच्या मागे भिंत उघडी कुठेही नको.

शीवकर

गोण्या दोन थरात आहेत ताई, भिंत दिसत नाही. गॉगल नातवाला आहेत, माझी काच बदलून घेतो, नंबर पण परत तपासतो त्याच वेळी.

रेल मोजली, 11 मिमी आहे आणि मागे दोन भोकं पण आहेत. बुशनेलच्या त्या मॉडेलची चौकशी केली, फोर्टमधला एक दुकानदार बिलावर द्यायला तयार आहे पण माउंट 20 चाच येतो म्हणाला, ॲडॅप्टर वेगळा. दुसरीकडे हॉकचा आहे, त्याच्याबरोबर 11 चा माउंट येतो असं फोनवर बोलला, उंची विचारली तर माहीत नाही म्हणाला. दोन्ही माझ्या बजेटच्या जरा वर जातात पण चालेल.

वरळी_रेंजवाला

मग हॉक बघा. पण फोनवर ठरवू नका, रायफलची रेल किती रुंद ते लिहून घेऊन प्रत्यक्ष जा आणि लांबचा चष्मा घालून जा. माउंटच्या बुडाला पिनची सोय आहे का बघा, नसेल तर स्टॉपर तिथूनच घ्या. रायफल स्वतः नेण्यापेक्षा रेलचा फोटो आणि मापं न्या, न्यायचीच झाली तर कव्हरमध्ये, बिलासकट, लोकलने नाही.

गिरगाव_पीप

आणि पावसाळ्याचं कुणी बोललंच नाही. मुंबईत काचेला बुरशी धरते, चामड्याच्या कव्हरमध्ये तर नक्कीच. बॅटरी काढून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून साइट ठेवा, पुड्या रंग बदलणाऱ्या घ्या म्हणजे ओल्या झालेल्या कळतात, कढईत मंद गरम केल्या की परत वापरता येतात. काच शर्टाने पुसू नका, आधी ब्लोअरने धूळ उडवा मग लेन्सचं कापड.

शीवकर

शनिवारी जातोय दुकानात. सिलिका जेल लोहार चाळीत मिळेल का की दुसरीकडे बघू?

गिरगाव_पीप

कॅमेऱ्याच्या दुकानात विचारा, फोर्टमध्येच जाताय तर डीएन रोडला मिळेल, फोटोग्राफर तेच वापरतात.